उजवं पाऊल उशिरा

४ फेब्रुवारी

टोळ,

आशीर्वाद, घरचे सगळे मजेत, पत्रास कारण की, हे सगळं वर लिहिलंय असं धर आणि पुढे वाच. तुमच्या सेटवर फाटकातच फोन जमा करून घेतात हे मावशीकडून कळलं. म्हणजे माझी मावसबहीण बंद पडलेल्या सिमेंटच्या कारखान्यात दोन महिने उड्या मारणार आणि मी तिला साधं शिव्या द्यायला फोनही करू शकणार नाही. पण शूटिंगच्या डिस्कची पेटी घेऊन येणारी गाडी दर गुरुवारी आमच्याच स्टुडिओत येते आणि दुपारी परत जाते. गाडीवाला सज्जन आहे. चहा पाजला की पत्र नेतो.

हो, आमच्याच स्टुडिओत. तुमच्या सिनेमाचं आवाजाचं काम आम्हाला मिळालंय. बारा वर्षं मी पडद्यावरच्या लोकांची पावलं वाजवते आहे, पण तुझी वाजवायची वेळ पहिल्यांदाच येतेय. इथे माझ्या कपाटात बुटांचे एकशेबारा जोड आहेत. ओला टॉवेल आपटला की ठोसा होतो, गाजर मोडलं की बोट मोडतं आणि एक धिप्पाड गुंड आडवा करायला अख्खा कोबी लागतो. आई सगळ्यांना सांगते, "एक भाची इमारतींवरून उड्या मारते आणि आमची लेक बूट आपटते." सांगताना भाचीचा उल्लेख आधी येतो.

पोस्टर पाहिलं. या सिनेमात नायक नाहीच, नायिकाच चाळीस जणांना बडवते, म्हणून सगळीकडे चर्चा आहे. चेहरा मॅडमचा, पाठ तुझी. ती पाठ मी लगेच ओळखली, लहानपणी मीच घासून द्यायचे. खरं सांगू? पोटात दुखलं. छत्तिशीत आल्यावर या गोष्टी लपवायचा कंटाळा येतो. सोळा वर्षांपूर्वी निवडीच्या दिवशी माझा पाय लचकला नसता तर ती पाठ माझी असती. उड्या शिकवणाऱ्या मास्तरांनी आधी मलाच बोलावलं होतं, हे तुलाही ठाऊक आहे.

असो. नीट राहा. पत्र लिही.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ताई,

पोटात दुखतंय तर औषध घे. माझ्यावर जळण्यासारखं काही उरलेलं नाही, कारण मीच इथे दिवसभर जळत बसलेय.

परवाची गोष्ट सांगते. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर उडी होती. मारली. सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मॅडम खुर्चीतून उठली, माझ्या जागी येऊन उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडे वळून फक्त धापा टाकल्या. परत टाळ्या, आणि या वेळच्या जास्त. माझ्या अंगावर खरी धूळ, तिच्या गालावर ब्रशने लावलेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. मुलाखतीत तिला विचारतात, भीती नाही वाटत का? ती हसून म्हणते, वाटते ना. तिला कसली वाटते? खुर्ची मोडायची?

बरं, बाई वाईट असती तर मनसोक्त शिव्या घातल्या असत्या. पण प्रत्येक उडीनंतर येऊन विचारते, "लागलं का?" स्वतःचा रुमाल देते. अशा माणसावर धड जळताही येत नाही. आता ती मास्तरांकडून पडायला शिकतेय. काल गादीवर एक कोलांटी मारली तर मास्तर तिला "वा" म्हणाले. ताई, मला सोळा वर्षांत ते एकदाही "वा" म्हणालेले नाहीत. मला "हं" म्हणतात.

सिनेमाच्या शेवटी मोठी उडी आहे. धुराड्याच्या शिडीवरून गोदामाच्या छपरावर. कमरेला वायर असते, पण खाली टेकायचं ते आपल्याच पायांवर. कोणी म्हणतं मास्तर त्यासाठी नवी पोरगी बोलावणार आहेत, एकवीस वर्षांची, रबराची बनवलेली. बोलावू देत. ती उडी माझी आहे. या उडीत पाठ नाही, पूर्ण शरीर आकाशात दिसणार आहे, आणि पुढची दहा वर्षं लोक तीच बघणार आहेत.

मी अगदी ठणठणीत आहे. काळजी नसावी.

टोळ


१८ फेब्रुवारी

टोळ,

तुझ्या जिन्याच्या प्रसंगाला मी आवाज दिला. दिग्दर्शकांना तेवढा तुकडा पैसे घालणाऱ्या मंडळींना दाखवायचाय, म्हणून घाईने पाठवतोय. तुमच्या सेटवरचा आवाज काही कामाचा नाही, धूळ उडवणाऱ्या पंख्यांच्या घरघरीखाली सगळं बुडालंय. म्हणजे पहिल्या पायरीपासून चौसष्टाव्यापर्यंत सगळं माझं.

मास्तर काय सांगायचे आठवतं? "उडी बघायची नसते, ऐकायची असते." पोरगी उडी मारायला लागली की ते पाठ करून उभे राहायचे आणि खाली आदळलेल्या पायांच्या आवाजावरून तिला मार्क द्यायचे. मला तेच आठवत होतं. पाच नंबरचे कापडी बूट घातले, तुझा-माझा नंबर अजून एकच आहे, आणि समोर पडद्यावर तू धावायला लागलीस तशी मीही जागच्या जागी धावले. एका दमात. काचेपलीकडचा आमचा ध्वनिवाला म्हणाला, दुसऱ्यांदा घ्यायची गरजच नाही.

एक सांगते, राग मानू नकोस. तू आळशी झाली आहेस. उजवं पाऊल उशिरा टाकतेस. केसभरच, पण टाकतेस, आणि उतरताना सगळा भार डाव्यावर. मी पडद्यावर बघणं सोडून दिलं आणि कसं धावायला हवं तसं धावले. तुला सुधारून घेतलं म्हण. चौसष्ट पायऱ्या तुझ्या अंगात माझे पाय होते आणि मला इतकं बरं वाटलं की बूट काढवेनात.

आणि तू ठणठणीत आहेस हे कळलं. मी विचारलं नव्हतं.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

तू काय केलंस तुला माहीत नाही. तुझे पाय धुऊन पाणी प्यायला हवं.

आता सांगते, कारण आता भीती गेली. डिसेंबरात सराव करताना उजव्या गुडघ्यात काहीतरी कट्कन झालं. पट्टा बांधते, गोळी घेते, काम चालतं. आळशी नव्हते गं. मास्तरांना संशय आला होता. ते रोज माझ्या उडीकडे पाठ करून उभे राहत, पण पंख्यांपुढे त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. त्यामुळे "हं" पण नाही. शेवटच्या उडीला नव्या पोरीचं नाव त्यांनी जवळजवळ पक्कं केलं होतं. ती आलीये. खरंच रबराची आहे. जेवतानासुद्धा मांडी घालून खुर्चीवर बसते.

शनिवारी तुमचा तुकडा सगळ्यांना दाखवला. मास्तर नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. ऐकलं. परत लावायला सांगितलं. मग मला म्हणाले, "हा शूटिंगच्या जागेवरचाच आवाज आहे?" मी म्हटलं, "हो." तोंडातून निघून गेलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वा. असं पाऊल पडत असेल तर तू अजून दहा वर्षं उड्या मारशील."

सोळा वर्षांनी "वा" मिळालं, ताई, आणि ते तुझ्या पावलांना मिळालं. मला एवढं हसू आलं आणि त्यानंतर एवढा राग आला की जेवले नाही. तू तिकडे सपाट फरशीवर, गार खोलीत, धप् धप् करणार आणि तुझं पाऊल माझ्याहून चांगलं? पण जाऊ दे. सोमवारी, एक मार्चला, शेवटची उडी माझी. हत्ती गेला, शेपूट राहिलंय. एकच उडी. मग गुडघ्याचं काय करायचं ते करू.

हे कोणाला सांगायचं नाही. आईला तर नाहीच.

टोळ


२५ फेब्रुवारी, दुपारी एक

टोळ,

तुझं पत्र सकाळी पेटीतून आलं. गाडी तीनला परत निघते. गाडीवाल्याला चहावर चहा पाजतेय.

तुझं पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते आधी सांगते, म्हणजे नंतर तुला माझ्यात शोधायला काही उरणार नाही. पहिल्यांदा आनंद झाला. मास्तर "वा" म्हणाले ते माझ्या पावलांना. पाच मिनिटं मी त्या खुशीत होते. मग तुझा गुडघा आठवला. मला तुझ्या जागी असायचं होतं म्हणून मी तुझ्या जागी धावले, आणि माझे पाय ऐकून ते तुला धुराड्यावर चढवणार आहेत.

आत्ता परत बूट घातले आणि तोच प्रसंग पुन्हा केला. या वेळी पडद्यावरची नजर हलवली नाही. तू टाकलंस तसं प्रत्येक पाऊल टाकलं. चाळिसाव्या पायरीनंतर काय होतं ते तुला माहीत आहे, तिथे तू कठड्याला हात लावतेस. इतके दिवस ती लकब समजत होते. गुडघा किती दुखत असेल ते बूट काढल्यावर कळलं.

ती डिस्क या पत्राबरोबर याच पेटीत आहे. पाकिटावर मास्तरांचं नाव आहे. आत चिठ्ठी आहे, तीन ओळींची: आधीची पावलं माझी होती. ही तिची आहेत. पाठ करून ऐका.

तू म्हणशील जळकी आहे म्हणून केलं. तसंच समज. मलाही खात्री नाही की त्यात ते अजिबात नव्हतं. पण जळत नसते तरी हेच केलं असतं, एवढं नक्की.

ताई


३ मार्च

तुला हवं होतं ते झालं.

गुरुवारी संध्याकाळी मास्तरांनी डिस्क लावली. पूर्ण ऐकली. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. मी ओरडले. संपलं.

सोमवारी रबरवालीने उडी मारली. पहिल्याच टेकला. युनिटमधले लोक नाचले. मॅडमने तिला मिठी मारली. मी कुठे होते सांगू? मॅडमच्या खुर्चीत. तिनेच बसवलं, पायाखाली उशी ठेवली. सोळा वर्षं ज्या खुर्चीकडे बघून जळले, तिच्यात बसून मी दुसरीला माझी उडी मारताना पाहिलं. मास्तर पाठ करून उभे होते. "वा" म्हणाले असतील. मी कान झाकले होते.

आता माझं ऐक. तुझा पाय लचकला नव्हता. निवडीच्या दिवशी आपल्या दोघींत बुटांचा एकच जोड होता आणि पहिला नंबर तुझा होता. तू कठड्यावर चढलीस, खाली पाहिलंस आणि गुपचूप जिना उतरून आलीस. मी तिसऱ्या पायरीवर बसले होते. तू बूट काढून माझ्या हातात दिलेस आणि म्हणालीस, "पाय लचकला म्हणून सांग." मी सांगितलं. मास्तरांना सांगितलं, आईला, मावशीला सांगितलं. पंधरा दिवस तू लंगडलीस, मी तुला पाणी आणून दिलं. सोळा वर्षं "माझा पाय लचकला नसता तर" ऐकलं. एकदाही तोंड उघडलं नाही.

आणि तुला माझी एक गोष्ट एक दिवस पोटात ठेवता आली नाही.

पत्र पाठवू नकोस.


११ मार्च

टोळ,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवतेय. हे शेवटचं.

सगळं खरं आहे. लचकला नव्हता. इतक्या वेळा सांगितलं की पावसाळ्यात तो घोटा माझा खरोखर दुखतो. माझी खोटी लचक तू सोळा वर्षं सांभाळलीस आणि तुझी खरी मी एका दुपारपुरतीही सांभाळली नाही. हिशेबात तू वर आहेस. पण पुन्हा तशी पेटी आली तर पुन्हा तसंच करेन.

माझ्या मत्सराबद्दल मी तुझी माफी मागते. डिस्क पाठवल्याबद्दल मागत नाही.

ताई


३० एप्रिल

ताई,

तुझे अठरा फोन आले. उचलले नाहीत, कारण तुझा आवाज ऐकला की मी एक तर भांडेन नाहीतर रडेन, आणि दोन्ही मला करायचं नाही. पत्रात माणूस जरा शहाणा राहतो.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून एक उंच उडी आणि गुडघा कायमचा गेला असता. हे मी तुला सांगणार नव्हते. आईने सांगितलं, सांग, नाहीतर मी सांगते. सांगितलं. यावर तू काही लिहायचं नाहीस.

आता माझ्या जळण्याची पुढची गंमत ऐक. जिन्यावरचं ते लंगडणं दिग्दर्शकांना आवडलं. म्हणे, आजवर असल्या सिनेमातल्या बायका कितीही मार खाल्ला तरी तरातरा चालत जातात, आपली नायिका जखमी होऊ दे. तेव्हा आता मॅडमला शेवटी लंगडायचंय. त्यासाठी ती कुठे आली? आमच्या घरी. परवा दोन तास बाहेरच्या खोलीत, सोफ्यापासून खिडकीपर्यंत, आईची काठी घेऊन, मी चालायचं आणि तिने मागून चालायचं. आई हातात चहाचा कप घेऊन दारात उभी. मला वाटलं माझी बाजू घेईल. तर म्हणते, "आमच्या हिच्यापेक्षा छान लंगडता हो तुम्ही."

उडी त्या पोरीची. चेहरा मॅडमचा. आणि आता लंगडणंही माझं राहिलं नाही. यापुढे उड्या बंद, मास्तर म्हणाले पोरींना शिकवायला ये. शिकवेन. दुसरं काय येतं मला?

टोळ


४ मे

टोळ,

गुडघ्याबद्दल लिहायचं नाही म्हणालीस, लिहीत नाही. मावशीला मात्र माझ्यातर्फे एक नमस्कार जास्त कर.

शेवटचा प्रसंग आमच्याकडे आलाय. छपरावर उतरल्यावर नायिका उठते आणि लांबलचक बोळातून कॅमेऱ्याकडे चालत येते. संगीत नाही, संवाद नाही. एकोणीस पावलं. दिग्दर्शक म्हणतात, सगळा सिनेमा या एकोणीस पावलांवर उभा आहे. मॅडम छान लंगडलीये, मावशी चूक नाही. पण बोळातही ते पंखे होतेच, त्यामुळे पावलं मला द्यायची आहेत.

आणि मला येत नाहीयेत. जिन्यावर तू पायऱ्यांवरून धावत होतीस, मी नजर लावून मागे धावले, निभावलं. इथे संथ चाल आहे, प्रत्येक पावलाचं वजन ऐकू येतं. बुटात खडा घालून पाहिलं, एक टाच कापून पाहिली, गुडघ्याला पट्टा आवळून पाहिला. तीन दिवस झाले. ध्वनिवाला काचेमागून मान हलवतो आणि म्हणतो, "बुटात खडा असलेली बाई वाटते." टोळ, खोटं लंगडण्याचा माझ्याइतका अनुभव कोणाला आहे? पंधरा दिवस अख्ख्या घराला फसवलं होतं. पण मायक्रोफोनला फसवता आलं नाही.

मी काल तुझ्या लंगडण्यावर जळले. इतकी वर्षं तुझ्या उड्यांवर जळत होते, आता यावर. कुठपर्यंत आलेय बघ.

तू ये. डॉक्टरांना विचारलंय, तुझ्या मावशीने, म्हणजे माझ्या आईने, स्वतः जाऊन विचारलं: सपाट फरशीवर वीस पावलं चालायला हरकत नाही. पुढच्या गुरुवारी, तेरा तारखेला, सकाळी अकराला. बूट पाच नंबरचे, कापडी, टाच न कापलेले काढून ठेवलेत. मॅडम स्वतः येणार आहे, तिला ऐकायचंय. मास्तरही येतायत. पाठ करून उभे राहायला खुर्ची बाजूला सारून जागा केलीये.

ताई


६ मे

ताई,

येते.

दोन अटी. एक, मॅडमने "लागलं का" विचारायचं नाही, तिला आधीच सांगून ठेव. दुसरी तुझ्यासाठी आहे. मी चालत असताना तू काचेमागे उभं राहायचंस, माझ्यासमोर, एकोणिसाव्या पावलापर्यंत. जळायचं तर तिथेच उभी राहून जळ. पण या वेळी बूट माझ्या हातात देऊन जिना उतरून जायचं नाही.

टोळ